सर्व्हरमध्ये रॅम कमी दिसते: खोलण्याआधी आकडा वाचा

लिनक्स चालवणारे तीन सर्व्हर, तिन्हींत २५६ जीबी रॅम. पहिला दाखवतो २५१, दुसरा २२०, तिसरा १२५. तक्रार तिन्हीकडून एकच येते, "रॅम कमी दिसतेय". प्रत्यक्षात पहिल्यात काहीही बिघडलेलं नाही, दुसऱ्यात एखादी ३२ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) बाजूला पडली आहे आणि तिसऱ्यात बहुतेक वेळा बायोसमधलं (सर्व्हर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) एक सेटिंग किंवा न जागा झालेला दुसरा प्रोसेसर निघतो. ही तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे की आता पेचकस शोधण्याआधी एकच प्रश्न विचारतो: नेमकी किती कमी? "बरीच कमी" हे उत्तर चालत नाही. आकडा हवा, कारण कुठे पाणी मुरतंय ते निम्म्याहून अधिक वेळा आकडाच सांगून जातो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय दिसतंय ते आधी ठरवा. पुढची वाट त्यावर ठरते.

- बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये कमी.
- बायोसमध्येच कमी दिसते.
- स्टिक यादीत आहे, तिचा आकार आणि कंपनीही दिसते, पण समोर "डिसेबल्ड" लिहिलेलं आहे.
- काल पूर्ण होती, रीस्टार्टनंतर एक ठरावीक तुकडा गेला.
- रॅम वाढवल्यावर, प्रोसेसर बदलल्यावर किंवा सर्व्हर एका रॅकमधून दुसऱ्यात हलवल्यावर कमी झाली.
- कधी पूर्ण, कधी कमी. प्रत्येक बूटला वेगळा आकडा. हे सगळ्यात वाईट लक्षण, याबद्दल पुढे.

या यादीत न बसणारी एक तक्रार मात्र फार येते. एकूण रॅम बरोबर असते, "फ्री" या रकान्यातला आकडा पाहून माणूस घाबरलेला असतो. लिनक्स रिकामी रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि एखाद्या प्रोग्रॅमला लागली की सोडूनही देतं. तिथे "फ्री" नव्हे, "अव्हेलेबल" हा रकाना वाचायचा. ह्यूज पेजेस (प्रोग्रॅमसाठी आधीच बाजूला काढलेले रॅमचे मोठे तुकडे) राखून ठेवली असतील तर तीही वापरलेल्या रॅममध्ये धरली जातात, एकूण आकडा त्याने घटत नाही. एकूण आकडा बरोबर असेल तर तुमचा प्रश्न वेगळा आहे, पुढचं सगळं वाचण्याची गरज नाही.

पहिली तपासणी: कागद आणि पेन्सिल

फुकट आहे, सर्व्हर बंद करावा लागत नाही, आणि तरीही बहुतेक जण हीच वगळतात.

लिनक्स रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याच्या नोंदीसाठी साधारण ६४ बाइट खर्च करतं. म्हणजे दर ६४ भागांतला एक भाग हिशोबाच्या वहीतच जातो. ही वही बूट होताना अगदी सुरुवातीला बाजूला काढली जाते आणि एकूण रॅमच्या आकड्यात धरलीच जात नाही. ६४ जीबीवर सुमारे १ जीबी, २५६ वर ४ जीबी, १ टीबीवर १६ जीबी. शिवाय कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, स्वतःचा कोड आणि फर्मवेअरने (बोर्डावरचा कायमचा प्रोग्रॅम, बायोस त्यातलाच) राखलेली थोडी जागा. म्हणून ६४ च्या जागी ६२, १२८ च्या जागी १२५, २५६ च्या जागी २५१, ५१२ च्या जागी ५०३ हे आकडे निरोगी सर्व्हरचे आहेत. त्यावर वॉरंटीची तक्रार नोंदवणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं.

एककाचा घोळही इथेच मिटवा. रॅम १०२४ च्या पटीत मोजतात. एखादं मॉनिटरिंगचं साधन १००० च्या पटीत मोजत असेल, तर ६४ ची रॅम त्याच्याकडे ६८.७ दिसते. दोन साधनांचे आकडे जुळत नसतील तर आधी दोघं कशात मोजतात ते बघा. "फ्री" कमांडला पूर्ण जीबीत उत्तर मागितलं की ती अपूर्णांक सरळ कापून टाकते, त्यामुळे ६२.८ चे ६२ होतात. मी एमबीतच मागतो.

आता हरवलेल्या रॅमकडे या. लिनक्सने दाखवलेल्या आकड्यात त्याचाच ६३ वा भाग मिळवा, म्हणजे कर्नलला खरोखर किती रॅम मिळाली ते अंदाजे कळतं. २२० चे होतात साधारण २२४, म्हणजे २५६ मधून ३२ गेले. या आकड्याची जातकुळी अशी ओळखायची:

बरोबर एका स्टिकएवढी गेली असेल, तर स्टिक किंवा तिचा स्लॉट. दोन स्टिकएवढी गेली आणि त्या दोन्ही एकाच चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट) असतील, तर स्टिकवर संशय घेण्याआधी प्रोसेसरच्या सॉकेटवर घ्या, कारण दोन स्टिक एकाच दिवशी मरणं हा फार मोठा योगायोग असतो. बरोबर निम्मी गेली असेल, तर मिररिंग किंवा दुसरा प्रोसेसर. पाव भाग गेला असेल, तर स्पेअरिंग (हे आणि मिररिंग काय ते चौथ्या तपासणीत). आणि स्टिकच्या आकाराशी काहीच न जुळणारा, काहीशे एमबीचा तुकडा गेला असेल, तर तो सॉफ्टवेअरने किंवा फर्मवेअरने राखून ठेवला आहे. त्यासाठी सर्व्हर खोलायची गरज नाही.

दुसरी: तीन ठिकाणचे तीन आकडे

रॅम तीन हातांतून जाते. मदरबोर्ड स्टिक ओळखतो, फर्मवेअर त्यातली किती द्यायची ते ठरवून नकाशा बनवतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्या नकाशातली किती वापरायची ते ठरवते. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा.

बसवलेल्या स्टिकसाठी लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड, प्रकार १७. ती प्रत्येक स्लॉटचं नाव, त्यातल्या स्टिकचा आकार आणि वेग देते. रिकाम्या स्लॉटसमोर "नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड" लिहिलेलं असतं. विंडोजवर पॉवरशेलमधून विन३२ फिजिकल मेमरी ही माहिती मागवा. नकाशासाठी डीमेसेजमधल्या, म्हणजे कर्नलच्या नोंदींतल्या, अगदी सुरुवातीच्या ई८२० ओळी (फर्मवेअरने दिलेला नकाशा तोच), आणि त्याच्या थोडं पुढे "मेमरी" शब्दाने सुरू होणारी, किती पैकी किती उपलब्ध ते सांगणारी ओळ. शेवटचा आकडा मेमइन्फो फाइलमधल्या मेमटोटलचा. विंडोजवर टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "हार्डवेअर रिझर्व्ह्ड" असा आकडा असतो. तो मोठा असेल, तर स्टिक ओळखली गेली आहे पण विंडोजला वापरता येत नाही.

डीएमआयडीकोडवर डोळे झाकून विश्वास मात्र ठेवू नका. ती फर्मवेअरने लिहून ठेवलेली यादी वाचून दाखवते, स्वतः रॅम मोजत नाही. बंद केलेली स्टिक काही सर्व्हर त्या यादीत पूर्ण आकाराने दाखवतात, काही गाळून टाकतात.

दोन प्रोसेसर असतील तर न्यूमासीटीएल ही कमांड "हार्डवेअर" पर्यायाने चालवा. कोणत्या प्रोसेसरकडे किती रॅम आहे ते वेगवेगळं दिसतं, आणि शोध एका झटक्यात अर्ध्यावर येतो.

तिसरी: सॉफ्टवेअरने स्वतःच घातलेली मर्यादा

स्टिक आणि नकाशा दोन्ही पूर्ण असून ऑपरेटिंग सिस्टिममध्येच कमी असेल, तर इथे थांबून शोधा. पुढे जाऊ नका.

लिनक्सवर कर्नलला बूटच्या वेळी दिलेली ओळ वाचा. ती प्रॉक फोल्डरातल्या सीएमडीलाइन फाइलमध्ये मिळते. तिथे "मेम" हा पर्याय सापडला तर गुन्हेगार सापडला. कोणीतरी कधीतरी चाचणीसाठी रॅम मर्यादित केली आणि काढायला विसरलं. हे मी दोनदा पाहिलंय. त्यातल्या एका वेळी तो "कोणीतरी" मीच होतो. "क्रॅशकर्नल" दिसलं तर तो दोष नव्हे. कर्नल कोसळल्यावर त्याची अवस्था टिपून घेण्यासाठी ती जागा राखलेली असते, सहसा काहीशे एमबी. ती एकूण आकड्यातून वजा होते, पण वाचवायच्या नादात काढून टाकू नका. ज्या दिवशी सर्व्हर कोसळेल त्या दिवशी तेवढाच पुरावा हाती असतो.

विंडोजवर एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबमधल्या प्रगत पर्यायांत "मॅक्सिमम मेमरी"वर खूण आहे का बघा. असेल तर काढा आणि रीस्टार्ट करा. मग आवृत्ती तपासा. विंडोज सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्ड ३२ जीबीच्या पुढे रॅम वापरतच नाही, तुम्ही कितीही घाला. सर्व्हर २०१२ स्टँडर्डपासून ती मर्यादा ४ टीबीवर गेली, म्हणून नव्या आवृत्त्यांत हा प्रश्न सहसा येत नाही. जुने सर्व्हर मात्र अजूनही कोपऱ्यात चालू असतात. ३२ बिटची सिस्टिम असेल तर ४ जीबीचा पत्ता हाच मूळ अडसर, आणि त्यातलाही वरचा भाग कार्ड आणि इतर उपकरणांच्या पत्त्यांसाठी जातो. म्हणून ४ बसवून ३ किंवा सव्वातीन दिसते.

व्हर्च्युअल मशीन असेल तर नुसतं आतून शोधणं पुरत नाही. बलूनिंग चालू असलं की यजमान सर्व्हर गरजेप्रमाणे पाहुण्याकडून रॅम परत घेतो आणि आतला एकूण आकडा काही ठिकाणी चक्क घटतो. चालू मशीनला रॅम वाढवून दिली असेल, तर ती पोहोचते पण "ऑनलाइन" केल्याशिवाय वापरात येत नाही. एलएसमेम कमांड ऑफलाइन पडलेले तुकडे दाखवते.

काही जुन्या मदरबोर्डांवर डीमेसेजमध्ये अशी तक्रार दिसते की प्रोसेसरच्या एमटीआरआर नोंदी (रॅमचा कोणता भाग कसा वापरायचा ते सांगणाऱ्या) सगळ्या रॅमला पुरत नाहीत आणि इतके एमबी गमावले. ही सरळ बायोसची चूक आहे, कर्नल स्वतःच तसं लिहितो. बायोस अद्ययावत करा.

चौथी: बायोसमधली सेटिंगं

यासाठी एक रीस्टार्ट लागतो, खर्च नाही. निम्मी किंवा पाव रॅम गेलेली बहुतेक प्रकरणं इथे संपतात.

मिररिंगमध्ये प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते, म्हणून क्षमता निम्मी. रँक स्पेअरिंगमध्ये प्रत्येक चॅनेलवरची एक रँक (स्टिकवरच्या चिपांचा एकत्र चालणारा गट) राखीव बसते. चॅनेलवर दोन रँकच्या दोन स्टिक असतील तर चारातली एक गेली, म्हणजे पाव भाग. दोन्ही सोयी उपयोगाच्या आहेत. सेटिंग बंद करण्याआधी ते कोणी आणि का चालू केलं होतं ते विचारा, कारण डेटाबेसच्या सर्व्हरवर ते जाणूनबुजून केलेलं असू शकतं. पण बायोस अद्ययावत करताना किंवा मदरबोर्ड बदलल्यावर ते आपोआप बदललेलंही मी पाहिलंय.

इंटेलच्या ऑप्टेन पर्सिस्टंट मेमरीचा (रॅमच्या स्लॉटमध्ये बसणारी, वीज गेली तरी मजकूर टिकवू शकणारी मेमरी) एक गमतीदार प्रकार आहे. तिच्या मेमरी मोडमध्ये डीरॅम, म्हणजे नेहमीची रॅम, कॅश बनते आणि एकूण आकड्यातून गायब होते. सिस्टिमला फक्त ऑप्टेनची क्षमता दिसते. इंटेलने २०२२ मध्ये हा धंदा गुंडाळायचं जाहीर केलं, पण बसवलेले सर्व्हर कुठे गेले नाहीत.

जुन्या बोर्डांवर "मेमरी रीमॅप" हा पर्याय बंद असेल तर ४ जीबीच्या सीमेजवळचा तुकडा हरवतो. चालू करा.

पाचवी: सर्व्हरची स्वतःची डायरी

सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा एक छोटा स्वतंत्र संगणक असतो. मुख्य सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो आणि घटना नोंदवतो. त्याच्या वेबपानावर किंवा आयपीएमआयटूल या कमांडने घटनांची यादी वाचा. स्लॉटच्या नावासकट "दुरुस्त न होणारी चूक", "मेमरी ट्रेनिंग अयशस्वी", "स्टिक बंद केली" अशा अर्थाच्या ओळी सापडतील.

ही तपासणी महत्त्वाची का, तर बऱ्याच सर्व्हरचं फर्मवेअर गंभीर चूक आलेली स्टिक स्वतःहून बाजूला काढतं आणि काहींमध्ये माणूस येऊन परवानगी देईपर्यंत ती बंदच ठेवतं. नवी स्टिक बसवूनही रॅम वाढत नाही याचं हे एक हमखास कारण. बायोसमध्ये जाऊन तो स्लॉट पुन्हा चालू करावा लागतो किंवा जुनी नोंद पुसावी लागते. पुसण्याआधी प्रत काढून ठेवा; वॉरंटीवाले तीच मागतात.

मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल एक शब्द. रॅम कमी दिसते म्हटलं की कोणीतरी रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवतं. मेमटेस्ट जेवढी रॅम दिसते तेवढीच तपासतं. हरवलेली स्टिक त्याला दिसतच नाही, त्यामुळे सकाळी सगळं हिरवं आणि प्रश्न जागच्या जागी. त्याची वेळ शेवटी येते, स्टिक परत दिसू लागल्यावर.

खोलण्याआधी आणखी एक फुकट उपाय: सर्व्हर व्यवस्थित बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. दोन्ही केबल. एकच काढली तर बोर्डावर वीज राहतेच आणि बीएमसी जुनीच माहिती धरून बसतो. नुसत्या रीस्टार्टने न परतलेली रॅम यानंतर परतलेली पाहिली आहे. पण परतली म्हणून खूश होऊ नका. पुढच्या काही बूटला आकडा टिकतो का ते लिहून ठेवा.

सहावी: झाकण उघडून

इथून पुढे सर्व्हर बंद ठेवावा लागणार. बॅकअप झालेला हवा आणि बंद ठेवण्याची परवानगीही. केबल काढल्यावर बोर्डावरचा दिवा विझेपर्यंत थांबा, मनगटाला अँटीस्टॅटिक पट्टा बांधा, स्टिक कडांनी धरा. हात लावण्याआधी फोटो काढा. कोणती स्टिक कुठे होती हे लक्षात राहील असं प्रत्येकाला वाटतं आणि चौथ्या स्टिकनंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

आधी मांडणी बघा. रॅम सांभाळणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट मेलेलेच. तिथे घातलेली रॅम कधीच दिसणार नाही. प्रोसेसर दोन असून एकच जागा झाला असेल, तर एलएससीपीयू या कमांडमध्ये कोअरही निम्मे दिसतील. मग झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेला स्लॉटचा क्रम वाचा. चॅनेलवर दोन स्लॉट असतील तर त्यातला आधी कोणता भरायचा हे ठरलेलं असतं, आणि तो क्रम मोडला तर काही बोर्ड कुरकुरत चालतात, काही ती स्टिक गाळतात. आरडिम, एलआरडिम आणि यूडिम या स्टिकच्या जाती एकत्र चालत नाहीत. आकार आणि वेग सारखा दिसला तरी लेबलवरची जात वाचा.

मग स्टिक काढून पुन्हा बसवा. सर्व्हर हलवल्यानंतर किंवा रॅम वाढवल्यानंतर आलेली बरीच प्रकरणं इतक्यानेच सुटतात. डीडीआर४ च्या स्टिकची खालची कड किंचित वक्र असते; एका बाजूने दाबलं तर एक टोक बसतं आणि दुसरं बसल्यासारखं वाटतं. दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, दोन्ही खटके आपोआप बंद झाले पाहिजेत. संपर्काच्या सोनेरी पट्ट्या मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड. खोडरबर नको. सोन्याचा थर इतका पातळ असतो की तुम्ही मळ नाही, सोनं खरवडता.

तरीही नाही? अदलाबदल करा. गायब स्टिक दुसऱ्या चॅनेलवरच्या चालू स्लॉटमध्ये आणि तिथली चांगली स्टिक संशयित स्लॉटमध्ये. दोष स्टिकबरोबर गेला तर स्टिक खराब, बदला, प्रश्न संपला. दोष स्लॉटपाशीच राहिला तर स्टिक निर्दोष. एका वेळी एकच जोडी हलवा. घाईत चार हलवल्या की निष्कर्ष काढता येत नाही. आणि अदलाबदलीआधीच नवी स्टिक मागवू नका.

हे मी पैसे घालवून शिकलो. दोन प्रोसेसर, प्रत्येकी सहा चॅनेल, १६ जीबीच्या २४ स्टिक, एकूण ३८४. लिनक्स दाखवत होतं ३४६, म्हणजे फर्मवेअरकडून ३५२ आले, ३२ गायब. दोन स्टिक. दोन्ही बदलल्या, तरी ३४६. आणखी दोन मागवल्या, तरी ३४६. तेव्हा कुठे लक्षात आलं की दोन्ही स्लॉट एकाच चॅनेलचे आहेत. आदल्या महिन्यात थर्मल पेस्ट बदलताना हीटसिंकचे स्क्रू क्रम न पाळता आवळले गेले होते आणि प्रोसेसर सॉकेटमध्ये एका बाजूला कमी दाबला गेला होता. सॉकेटच्या हजारो पिनांतल्या मोजक्या नीट टेकत नव्हत्या, आणि त्या नेमक्या त्या चॅनेलच्या होत्या. चार स्टिकचा खर्च वाया गेला.

कुठे थांबायचं

दोष स्लॉटपाशी राहिला, की माझ्या मते हात आखडता घ्यायची वेळ झाली. पुढची पायरी प्रोसेसर काढण्याची आहे आणि आधुनिक सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. वाकलेली पिन चिमट्याने सरळ करण्याचे प्रयोग म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एक चॅनेल गेला होता, आता बोर्ड जातो आणि वॉरंटीही. हीटसिंक ठरावीक क्रमाने, ठरावीक टॉर्कने आवळायची सवय आणि साधन तुमच्याकडे नसेल, तर निर्मात्याच्या सेवा केंद्राला किंवा देखभालीच्या कंत्राटदाराला बोलवा.

याशिवाय सरळ फोन उचलावा अशा गोष्टी: सर्व्हर वॉरंटीत आहे आणि डायरीत स्लॉटचं नाव आलेलं आहे, मग झाकण उघडूच नका. दोन वेगवेगळ्या स्टिक एकाच स्लॉटमध्ये गेल्यावर गायब होतात. बोर्डावर जळाल्याचा डाग किंवा वास आहे. चालू कामाचा सर्व्हर आहे आणि बॅकअपची खात्री नाही. आणि दर बूटला वेगळा आकडा दाखवणारा सर्व्हर, ज्याला मी वर सगळ्यात वाईट लक्षण म्हटलं. स्टिक पुन्हा बसवूनही तो तसाच वागत असेल तर संपर्क, सॉकेट किंवा वीजपुरवठा काठावर आहे, आणि आज दिसणारी रॅमही भरवशाची नाही. त्याच्यावरचं काम त्याच दिवशी दुसरीकडे हलवा.

फोन करताना हाताशी ठेवा: तीन ठिकाणचे तीन आकडे, स्लॉटचं नाव, बीएमसीच्या नोंदींची प्रत, बायोसची आवृत्ती आणि अदलाबदलीत दोष कुठे राहिला ते. एवढं सांगितलं की पलीकडचा माणूस "रीस्टार्ट करून बघितलं का?" हा प्रश्न विचारत नाही. निदान दुसऱ्यांदा तरी नाही.